रेषेबाहेरचा टॉवेल

४ जानेवारी

कसे आहात सगळे? वर्षात पहिल्यांदा हत्यारांचं कपाट उघडलं की विचारायची सवय आहे, म्हणून विचारते.

बारेनबाई, छापताना कागद दाबायची तुम्ही चकती, सगळ्यांत वडील, पहिला मान तुमचा. कागदाची पाठ घासून घासून तुमची बांबूची साल फाटायला आलीय. उद्या नवी साल भिजत घालते, परवा अंगावर चढवते, मग नव्या नवरीसारख्या दिसाल. घोड्याच्या केसांचे ब्रश, तुमचं काय? थंडीनं आखडलात? मीही आखडलेय, तेव्हा एकमेकांना नावं ठेवायला नकोत. छिन्न्यांनो, तुम्हाला काय धाड भरणार, तुम्ही तेलात लोळताय. निळ्या रंगाची बरणी, झाकण घट्ट आहे, म्हणजे आत खुशाली असणार. खळीचं पातेलं, तुझी कड काळी पडलीय, पण तू आणि मी एका वयाचे, आता कडेकडे कोण बघतंय? चेरीच्या लाकडाचे जुने ठोकळे, तुम्ही झोपा. तुमचं छापून झालंय.

आणि किनुए, तू? गुडघे सोडले तर बरी आहे.

"कोण आलंय हो एवढं?" दारातून आवाज आला. "बूट तर एकच जोडी दिसतेय बाहेर!"

समोरचे टोफूवाले तोकुजी-सान. हातात टोफूचं भांडं, तोंडावर हसू. या माणसाला माझ्या घरातलं कुजबुजणंही त्याच्या दुकानात ऐकू येतं.

"पाहुणे आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला दिसायचे नाहीत."

"बरं झालं. स्वयंपाकीणबाई एकट्याच बडबडायला लागल्या असं वाटलं मला."

गल्लीच्या टोकाला लाकडी ठोकळ्यांवरून चित्रं छापायचं दुकान होतं, तिथे मी एचिझेनहून या क्योतोत स्वयंपाकाला म्हणून आले, ते हे विसरत नाहीत. विसरावं असं मलाही वाटत नाही. रंगात घालायची तांदळाची खळ शिजवणं हेही स्वयंपाकघराचंच काम. खळीचं भांडं घेऊन छापणाऱ्यांच्या बैठकीपर्यंत जायचं आणि ते रिकामं होईपर्यंत उभं राहायचं. त्या उभं राहण्यात जे शिकले तेवढंच माझं शिक्षण. बायकांनी बैठकीवर बसू नये असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण माझ्यासाठी कोणी उशीही टाकली नाही. दुकान बंद झालं तेव्हा हत्यारं कोणालाच नको होती. मी म्हटलं, मला द्या. तेव्हा उशी माझी मीच शिवली.

संध्याकाळी फोन वाजला. इओरी नावाची चित्रकार, नव्या पद्धतीची. माझ्याकडून एक चित्र छापून घ्यायचंय म्हणते. पुढच्या आठवड्यात येतेय.

मी फोन ठेवला आणि पुन्हा कपाट उघडून सगळ्यांना सांगितलं.

११ जानेवारी

आली. केस आखूड, बोलणं हळू, पक्की क्योतोची. कपड्यात बांधलेले ठोकळे तिनं इतक्या जपून ठेवले की आत अंडी आहेत असं वाटावं. सोडले तर काय, प्लायवूड! कडा तपकिरी, जळलेल्या. मी वास घेतला. तांदळाचे पापड भाजताना येतो तो.

"लेझरनं कापलेत," ती म्हणाली. "मी स्क्रीनवर काढते, मशीन कापतं. तुम्हाला चालतील ना, किनुए-सान?"

"मला चालायला काय झालं? मी आपली खळ लावणार, रंग लावणार. लाकूड रुसलं तर बघू."

ती हसली. हसली की गालाला खळी पडते, त्यामुळे आणखीच लहान वाटते.

चित्र साधंच. गच्चीवर बांबूची काठी, काठीवर टॉवेल टाकायला हात वर केलेली एक बाई, पाठमोरी. मागे पर्सिमनचं झाड, पानं झडलेली, फळं तेवढी राहिलेली. टॉवेल निळा. रेषांचा एक ठोकळा आणि प्रत्येक रंगाचा वेगळा.

"खुणा आहेत तशाच घ्या हं," ती म्हणाली. "मोजून कापून घेतल्यात."

खुणा म्हणजे ठोकळ्याच्या कडेच्या दोन खाचा. एक काटकोनी, तिच्यात कागदाचा कोपरा बसतो. दुसरी सरळ, तिला कागदाची कड टेकते. प्रत्येक ठोकळ्यावर त्या सारख्याच जागी असल्या की रंग रेषेच्या आत बसतो. यांना म्हणायचं केन्तो. मी मान डोलावली. नव्या पोरांना मोजमापाचा अभिमान असतो, असू द्यावा.

"कधीपर्यंत हवंय?"

"चेरीला बहर यायच्या आत. नंतर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. त्याआधी तिनं हे बघायला हवं. याच डोळ्यांनी."

"मोतीबिंदू होय! अहो, काही भिऊ नका. माझी नणंद दुपारी गेली आणि संध्याकाळी घरी येऊन भात जेवली. उलट नंतर जास्त छान दिसेल त्यांना."

तिनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. काळजी वाटते मुलीला. आई ती आईच.

निघताना दारात म्हणाली, "कडेच्या समासात माझ्या नावाखाली तुमचं नाव येईल. छापणाऱ्याचं."

मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं. ती गेल्यावर मात्र तशीच ओट्यापाशी उभी राहिले, आणि चहाची केटली आटून वाजायला लागली तेव्हा भानावर आले.

१५ जानेवारी

कागद काल दमट करून ठेवला होता, आज नमुना छापला. प्लायवूड रंग जास्त पितं, पण लाडीगोडीनं ऐकतं. आधी रेषा, मग झाड, मग फळं, मग बाई, शेवटी टॉवेल. कागद उचलून उजेडात धरला.

काहीच जागेवर नाही! टॉवेलचा निळा रंग रेषेतून निसटून एका बाजूला गेलाय. फळं फांदीपासून सुटलीत. बाईचा रंग तिच्या रेषेशेजारी उभा, भांडून वेगळा राहिल्यासारखा. रंग रंगाशी नीट जुळतात, फक्त रेषांचा ठोकळा सगळ्यांपासून सरकलेला.

कागद ताणला असेल म्हणून दुसरा घेतला. तेच. म्हणजे खाचाच चुकीच्या जागी कापल्यात. "मोजून कापून घेतल्यात" म्हणाली होती बिचारी. मशीननं फसवलं तिला.

आता हे तिला सांगू कसं? आईच्या आजारपणाचा घोर, त्यात हे. तोंड एवढंसं होईल तिचं. मी ठरवलं, सांगायचंच नाही. रेषांच्या ठोकळ्याच्या खाचा छिन्नीनं थोड्या तासल्या की काम झालं. आमच्या दुकानातही चित्रकाराच्या चुका अशाच गुपचूप निस्तरायचे. तीही एक रीतच होती.

बिघडलेला नमुना फेकवेना. कागद एचिझेनचा, माझ्या माहेरचा. लोणच्याच्या कपाटात तळाला अंथरला.

१६ जानेवारी

तासलं. तांदळाच्या दाण्याएवढंही नसेल. सगळं असं जुळलं की बघत राहावं. इओरी-सान खूश होईल.

२४ जानेवारी

इओरी-सान आली. मी चित्रं दोरीवर वाळत घातली होती, अगदी दिसतील अशी. ती समोर उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं, भरून आलं असावं.

"किती नीट जुळलंय सगळं," ती म्हणाली. "एवढी स्वच्छ छपाई मी कुठे बघितली नव्हती. मला असं सुचलंच नसतं."

"अहो, तुमचंच चित्र. मी फक्त हात फिरवला."

"तुम्हाला फार त्रास झाला असेल."

"कसला त्रास! सगळ्या प्रती कधी घेऊ छापायला? कागद तयार आहे."

"थंडी फार आहे ना," ती म्हणाली. "सावकाश होऊ दे. तुम्ही गुडघे सांभाळा. मी कळवीन."

मी तिला सलगमाचं लोणचं दिलं. दारात तिनं तीनतीनदा वाकून आभार मानले. ठोकळे इथेच आहेत, म्हणजे काम माझंच आहे. किती समंजस मुलगी! आजकाल कोण कोणाच्या गुडघ्यांचा विचार करतं?

हं, एक राहिलं. चित्राकडे बघताना तिनं एक डोळा तळहातानं झाकला होता. मग दुसरा. चित्रकार लोक असंच बघत असतील.

२ फेब्रुवारी

अजून फोन नाही. कागद कोरडा पडू नये म्हणून उलटसुलट करतेय. सकाळी टोफू आणायला गेले तेव्हा सहज तोकुजी-सानना सांगितलं.

"काय म्हणाली ती नेमकं? शब्द सांगा," ते म्हणाले.

मी सांगितले.

त्यांनी टोफूचा चाकू खाली ठेवला. "‘स्वच्छ छपाई’ म्हणाली? आणि ‘सावकाश होऊ दे’?"

"हो. गुडघे सांभाळा म्हणाली."

"गुडघेसुद्धा काढले? अहो किनुए-सान, मग काम गेलं तुमचं!"

"काहीतरीच काय! ठोकळे माझ्याकडे आहेत."

"ते न्यायला येणं तिला जड जात असेल. अहो, एवढी वर्षं या गावात काढलीत, आणि अजून माणूस ‘छान’ म्हणाला की तुम्हाला छानच ऐकू येतं? आमच्या इथे एवढं कौतुक कोणी केलं की आम्ही घरी जाऊन विचार करतो, आपलं चुकलं कुठे."

"मग सरळ बोलायला काय होतं तुम्हा लोकांना?"

"सरळ बोललो तर टोफू कोण घेईल? केन्तो चुकला तुमचा, केन्तो!"

ते हसले, मीही हसले. आपल्याकडे खाचेलाही केन्तो म्हणतात आणि अंदाजालाही केन्तोच. पण घरी येऊन बसले तर हसू कुठे गेलं कळेना. समासातलं ते नाव मी मनातल्या मनात किती वेळा लिहून पाहिलं होतं, ते आज कळलं.

चुकलं काय माझं? जुळलं तर सगळं होतं.

३ फेब्रुवारी

हिवाळा सरल्याची रीत म्हणून दारात सोयाबीनचे भाजके दाणे फेकले. "भुतं बाहेर, भाग्य आत." समोरून तोकुजी-सान ओरडले, "हळू, एक भूत इकडे राहतं!" त्यांनाही दोन दाणे मारले.

१० फेब्रुवारी

आज इओरी-सानच्या घरी गेले. तोकुजी-सानच म्हणाले, टोफूचा चोथा ताजा आहे, गाजर घालून परता आणि घेऊन जा. भाजी न्यायला कारण लागत नाही. डबा घेऊन गेले. इओरी-सान घरी नव्हती. दार तिच्या आईनं उघडलं. रित्सुको-सान. माझ्याहून थोड्या लहान, पाठ ताठ, डोक्याला रुमाल. मान जराशी एका खांद्याकडे कललेली.

"चित्र छापता त्या तुम्हीच ना? या, या, आत या. इओरी येईलच. पसारा आहे, तिकडे बघू नका. मीही बघत नाही."

पसारा कुठेच नव्हता. मी डबा पुढे केला. त्यांनी हात पुढे केला आणि डब्याच्या शेजारची हवा धरली. मग दुसऱ्या हातानं चाचपून डबा घेतला, अगदी सहज, रोजचं असल्यासारखं.

"दोन डबे आणलेत असं दिसलं मला," त्या म्हणाल्या. "एकच निघाला. हेच होतं हो माझं. लोक एक देतात आणि मी दोनदा आभार मानते."

"मोतीबिंदू..." मी म्हटलं.

"छे! मोतीबिंदू असता तर काय हवं होतं? जिन्यावरून पडले. डोळे दोन्ही चांगले आहेत, पण त्यांचं आपसात पटत नाही. एक म्हणतो टॉवेल इथे आहे, दुसरा म्हणतो तिथे. एकाच्या टॉवेलला कड असते, दुसऱ्याचा नुसताच रंग, कडेतून निसटलेला. चष्मा दिला होता, त्यानं गरगरायचं. मान अशी कलवली की दोन्ही जरा जवळ येतात." त्यांनी एक डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "हं, आता तुम्ही एकच. बऱ्या दिसता. दोन होतात तेव्हा जरा जास्तच होतं."

मी हसले की नाही, आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो पहिला नमुना. कडेतून निसटलेला निळा. फांदी सोडून उभी फळं.

"आता ऑपरेशन होईल, एकच दिसेल," त्या म्हणाल्या. "बरंच आहे. फक्त एवढंच वाटतं, या दिवसांत मला काय दिसायचं ते मग कोणाला खरंच वाटणार नाही. मलाही कदाचित वाटणार नाही. आत्ताही जो तो म्हणतो, नीट बघ, लक्ष देऊन बघ. मी लक्ष देऊनच तर बघते!"

चहा तसाच टाकून उठले. म्हटलं, चुलीवर काहीतरी ठेवलंय. त्यांना ते खोटं कळलं असणार, त्याही क्योतोच्याच.

मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख. ‘नीट बघ’ हेच तर मी छिन्नीनं म्हटलं.

११ फेब्रुवारी

लोणच्याच्या कपाटातून तो नमुना काढला. एका कोपऱ्याला लोणच्याच्या बरणीचा गोल डाग. तसाच गुंडाळून घेऊन गेले. दोघी घरी होत्या. दारातच गुडघे टेकून वाकले, गुडघ्यांना विचारलं नाही.

"इओरी-सान, खाचा मी तासल्या. मशीन चुकलं असं वाटलं मला. तुम्ही तशाच घ्या म्हणाला होतात आणि मी ऐकलं नाही. वर मनात म्हटलं, मुलीला वाईट वाटायला नको, गुपचूप करते."

इओरी-सान खाली बसली, माझ्यासमोर. "मला कळलं होतं," ती म्हणाली. "बघताक्षणीच कळलं. पण ते इतकं सुंदर छापलं होतंत. मला वाटलं, तुम्ही पाहिलंत आणि तुम्हाला वाटलं असंच बरं. आईला सगळे सरळ करायला बघतात, त्यात चित्रालाही..." ती नमुन्याची गुंडाळी हातात फिरवत राहिली. "मीच आधी सांगायला हवं होतं. आईबद्दल बोलायला जमत नाही मला."

"घरात क्योतो, बाहेर क्योतो," आतून रित्सुको-सान म्हणाल्या. "एकीनं सांगायचं नाही, दुसरीनं विचारायचं नाही. आणा बघू इकडे तो कागद."

त्यांनी नमुना खिडकीपाशी धरला. एक डोळा झाकला. म्हणजे कागद एकच दिसणार. बराच वेळ बघत राहिल्या. इओरी-सान आईच्या चेहऱ्याकडे बघत उभी. एवढे दिवस ती याच क्षणासाठी काम करत होती, हे मला तेव्हा दिसलं.

"छान आहे," रित्सुको-सान म्हणाल्या.

 आता मलाही ‘छान’मागचं ऐकू यायला लागलं होतं.

"आई, सरळ सांग," इओरी-सान म्हणाली.

"सरळ सांगू? हे माझं नाही गं. तू केलंस ते मला कळतंय, आणि... थांब, नाक पुसू दे. पण मला दिसतं ते हे नाही. तू रंग नुसता शेजारी सरकवलायस. माझा खाली उतरतो आणि तिरका होतो. डावीकडचं टोक झोपतं."

"तिरका? तू कधी म्हणालीच नाहीस!"

"तू विचारलंस कधी? तू विचारायचीस, किती लांब दिसतं आई, दाखव. मी बोटांनी दाखवायचे. कसं दिसतं, असं विचारलंच नाहीस."

 मग इओरी-सान डोळे पुसत हसायला लागली. "म्हणजे माझाही केन्तो चुकला."

"नवा ठोकळा कापून घेता येईल का?" मी विचारलं.

"येईल. पण मशीन पुन्हा माझाच अंदाज कापून देईल."

मी म्हटलं, "मग रित्सुको-सानना माझ्या बैठकीवर आणा."

१२ फेब्रुवारी

चेरीच्या जुन्या ठोकळ्यांना उठवलं. म्हटलं, माफ करा, एकाचा तुकडा हवाय. एकाच्या कडेची ढलपी काढून प्लायवूडच्या तासलेल्या खाचांत बसवली, डिंक लावला. जुनं लाकूड गडद, नवं फिकं. मोडक्या दाताला सोनं बसवल्यासारखं दिसतंय.

१९ फेब्रुवारी

सकाळी अंगणातल्या काठीवर निळा टॉवेल टाकला. माझ्या बैठकीवरून खिडकीतून नीट दिसतो. रित्सुको-साननी बसायला उशी मागितली. मी माझी दिली, मीच शिवलेली. मी खाली फळीवर.

काम असं चाललं. मी ढलपी केसभर तासायची, रेषा छापायच्या, वर बाईचा रंग आणि निळा छापायचा, ओला कागद त्यांच्या हातात. त्या दोन्ही डोळ्यांनी खिडकीतून टॉवेलकडे बघायच्या, मग एक डोळा झाकून कागदाकडे. इओरी-सान मागे उभी. तिला बोलायला बंदी, आईनं घातलेली.

"अजून खाली."

तासलं.

"खाली झालं. आता डावं टोक झोपवा."

टोक झोपवायचं तर काटकोनी खाचेला हात लावायचा नाही, फक्त दुसरी, सरळ खाच तासायची. मग कागद कोपऱ्यावर गिरकी घेतो. एवढी वर्षं ती खाच मी कागद सरळ करायला वापरली, तिरका करायला पहिल्यांदाच.

"जास्त झालं! हा टॉवेल दारू प्यायलाय. माझा नुसता दमलाय."

इओरी-सान खुदकन हसली. आईनं मागे न बघताच बोट वर केलं.

ढलपीवर पुन्हा ढलपी लावली, पुन्हा तासलं. मध्येच तोकुजी-सान टोफू घेऊन आले, बैठकीवर तिघींना बघून दारातच थांबले.

"काय चाललंय? एवढं वाकडं कशाला छापताय?"

"नीट छापतोय," रित्सुको-सान म्हणाल्या. "तुम्हीही दोन दिसताय. एकाला चहा मिळेल."

दुपारचं ऊन टॉवेलवर आलं तेव्हा मी एक कागद उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी बाहेर पाहिलं. डोळा झाकला, कागद पाहिला. हात काढला. पुन्हा बाहेर. मी छिन्नी उचलायला लागले, तर त्यांनी माझा हात धरला. पहिल्याच झटक्यात, बरोबर तिथेच.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "हेच."

मग त्यांनी कागद लेकीकडे दिला. "बघ. मला असं दिसतं."

इओरी-साननं पाहिलं. निळा रंग रेषेतून खाली उतरलेला, एका टोकाला झोपलेला, जणू टॉवेलनं अंग सैल सोडलंय. तिच्या चित्रापेक्षा वेगळंच काहीतरी होतं ते. बाईचे हातही रेषेतून थोडे निसटून खाली आलेले. ती आईशेजारी, उशीच्या उरलेल्या टोकावर बसली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

मी खळ ढवळायला आत गेले. खळीला ढवळायची गरज नव्हती.

२० मार्च

सगळ्या प्रती झाल्या. बारेनबाईंची नवी सालही फाटली, पण तक्रार नाही. आज समासात नावं. आधी इओरी-सानचं, तिच्या हाताचं. खाली माझा शिक्का. लाल शाई, थोडा दाब, झालं. किनुए. एवढंसं नाव, पण कागद त्याच्याभोवती मोठा वाटला.

रित्सुको-साननी पहिली प्रत हातात घेतली. "शिक्के दोन मारलेत?"

"एकच आहे."

त्यांनी डोळा झाकला. "हो की. पण तुमचे दोनच शोभतात."

गल्लीतल्या चेरीच्या कळ्या फुगल्यात. परवा त्या इस्पितळात जातील.

३ एप्रिल

फुलं गळायला लागली. इओरी-सानचा फोन आला, ऑपरेशन ठीक झालं, घरी आणलंय. कसं दिसतं ते आई सांगत नाही म्हणते, नुसतं "छान" म्हणते. मला हसू आलं. मग पत्र लिहायला बसले. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते.

"रित्सुको-सान, कशा आहात? उजवा डोळा बरा आहे का? आणि डावा? दोघांचं आता पटतं का, की अजून कुरबूर चालते? मान सरळ झाली असेल, तिचाही मुक्काम बदलला, तिलाही जपा. इओरी-सान नीट जेवते ना? पर्सिमनला पालवी फुटली का?

इकडे सगळे बरे आहेत. बारेनला नवी साल बांधली. चेरीचा ठोकळा पुन्हा झोपला, त्याच्या कडेची ढलपी तुमच्या चित्रात राहिली. तोकुजी-सान विचारत होते, त्यांना आता एक चहा मिळेल की एकही नाही.

तुमचं चित्र माझ्या खिडकीशेजारी लावलंय. बाहेर काठीवर टॉवेल एकच असतो. आत त्याची कड एकीकडे आणि रंग दुसरीकडे. लोक बघतात आणि विचारतात, हे असं का? मी म्हणते, मला ठाऊक असलेल्या एका बाईला असं दिसायचं, आणि ती लक्ष देऊन बघायची. तुम्हालाच कधी खरं वाटेनासं झालं तर इथे येऊन बघा. उशी तुमचीच आहे.

पण ‘छान’ लिहू नका. तो शब्द आता मला वाचता येतो. खरं काय ते दोन ओळींत कळवा. दोन जड वाटल्या तर एकच लिहा, ती दोन दिसत असली तरी चालेल. पण लवकर लिहा. किनुए."